आधी यायांचा आवाज, मग माहितीपट

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्तीच्या आजेसासूबाई एकोणनव्वद वर्षांच्या आहेत. ग्रीसमधील मेसिनिया भागातल्या एका डोंगरी गावातून त्या १९६४ साली जहाजाने मेलबर्नला आल्या आणि तेव्हापासून तेथेच आहेत. आजेसासरे दोन वर्षांपूर्वी वारले. त्यांच्या तोंडून काहीच नोंदवून ठेवले गेले नाही, याची घरात सर्वांना चुटपुट आहे. मुले अर्धी मराठी, अर्धी ग्रीक आहेत. त्यांच्यासाठी या आजींवर, म्हणजे घरातल्या भाषेत ‘यायां’वर, एक माहितीपट करावा, त्यासाठी चांगला कॅमेरा घ्यावा आणि पुढच्या वर्षी सर्वांनी मिळून त्या गावी जाऊन चित्रीकरणाला आरंभ करावा, असा बेत आहे. तो कितपत योग्य आहे, असे त्यांनी विचारले आहे.

मेलबर्नमध्ये गेली वीस वर्षे मी कौटुंबिक माहितीपट करते आणि त्यांतले निम्म्याहून अधिक ग्रीक घरांतले आहेत, म्हणून स्पष्ट लिहिते: बेत चांगला आहे, परंतु त्याचा क्रम उलटा आहे. गाव पुढच्या वर्षीही जागेवर असेल. एकोणनव्वद वर्षांच्या बाईंच्या स्मरणशक्तीबद्दल, ऐकण्याबद्दल आणि आवाजाबद्दल तशी खात्री देता येत नाही. म्हणून कॅमेऱ्याची खरेदी, विमानाची तिकिटे आणि चित्रपटाचे नाव हे सारे बाजूला ठेवून या महिन्यातच त्यांच्या स्वयंपाकघरात बसून नोंद सुरू करा. ‘नोंद’ आणि ‘चित्रपट’ या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे एकदा मनात पक्के केले की पुढचे बहुतेक निर्णय सोपे होतात. नोंद म्हणजे यायांचे अखंड, न कापलेले बोलणे, तासन्‌तास, त्यांच्याच भाषेत. चित्रपट म्हणजे त्यातून आपण आपल्या समजुतीप्रमाणे निवडलेली चाळीस-पन्नास मिनिटे. चित्रपट फसला तर दहा वर्षांनी आपली मुले त्याच नोंदीतून दुसरा करू शकतील. नोंदच झाली नाही, तर कोणीही काहीही करू शकणार नाही.

ग्रीकांपुरते बोलायचे तर हा धडा त्यांच्याच इतिहासात आहे. १९२२ साली आजच्या तुर्कस्तानातील स्मिर्ना शहर जळाले आणि पुढच्या वर्षी लोझान येथे झालेल्या करारानुसार तुर्कस्तानातील दहा लाखांहून अधिक ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती ग्रीसमध्ये आणि ग्रीसमधील साडेतीन लाखांहून अधिक मुसलमान तुर्कस्तानात घालवले गेले. या निर्वासितांची गाणी आणि आठवणी गोळा करण्याचे काम मेल्पो मेर्लिये या संगीतज्ञ बाईंनी १९३० साली अथेन्समध्ये सुरू केले आणि त्यातूनच आशिया मायनर अभ्यास केंद्र उभे राहिले. या केंद्राच्या कार्यकर्त्यांनी पुढची कित्येक वर्षे वस्त्यावस्त्यांत जाऊन सुमारे पाच हजार निर्वासितांचे बोलणे टिपून घेतले. गाव कसे होते, विहीर कोठे होती, पळताना बरोबर काय घेतले, असे साधे प्रश्न त्यांनी विचारले. त्यांनी कोणतीही भव्य कथा रचली नाही, आणि म्हणूनच आज त्या कागदांतून कोणालाही आपली कथा शोधता येते. गाणी ध्वनिमुद्रित झाली, पण कथने प्रामुख्याने कागदावरच उतरली. सांगणाऱ्याचा श्वास कोठे अडखळला, हे आता कळत नाही. आपल्या खिशातल्या फोनला ती अडचण नाही.

आता माझी स्वतःची एक फजिती सांगते. अगदी सुरुवातीच्या काळात एका कुटुंबासाठी केलेल्या माहितीपटाचा आरंभ मी निळा समुद्र, पांढरी घरे आणि निळे घुमट अशा विकत घेतलेल्या दृश्यांनी केला होता आणि त्यावर बुझुकीचे सूर घातले होते. पहिल्या खेळाला घरातले पापू, म्हणजे आजोबा, पुढच्या रांगेत बसले होते. त्यांनी शांतपणे विचारले, “हे बेट कोणाचे?” त्यांचे गाव दक्षिण ग्रीसमधल्या पेलोपोनिझ या द्वीपकल्पाच्या अंतर्भागातल्या डोंगरात होते. तेथील घरे राखाडी दगडांची, छपरे लाल कौलांची. पिरेअस बंदरात जहाजावर चढायला गेले तेव्हाच त्यांनी आयुष्यात प्रथम समुद्र जवळून पाहिला होता. बुझुकी हे शहरातले वाद्य. त्यांच्या गावच्या लग्नांत क्लॅरिनेट वाजत असे, ज्याला ते ‘क्लारिनो’ म्हणतात. पर्यटनाच्या जाहिरातीतला ग्रीस मी त्यांच्या तोंडात कोंबला होता. तेव्हापासून ‘ग्रीक वारसा’ हा शब्द ऐकला की मी पहिला प्रश्न विचारते: कोणत्या गावचा?

हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. मेलबर्नचे ग्रीक म्हणजे एकाच पिठाचा गोळा नव्हे. येथील ग्रीक समाजाची संस्था १८९७ सालची आहे; त्या आधीच्या-नंतरच्या पिढ्यांत इथाका, किथिरा, कास्तेलोरिझो अशा बेटांवरून आलेले लोक पुष्कळ होते. दुसऱ्या महायुद्धानंतर आले ते बहुतांशी मुख्य भूमीवरच्या खेड्यांतले. इजिप्तमधून राष्ट्राध्यक्ष नासर यांच्या काळात बाहेर पडलेले अलेक्झांड्रियाचे ग्रीक वेगळे. ते फ्रेंच बोलत आले. उत्तर ग्रीसमधल्या फ्लोरिना भागातून आलेल्या काही घरांत आजी स्लाव बोली बोलत असे, जिच्यावर १९३६ नंतर मेताक्सासच्या हुकूमशाहीत बंदी होती, आणि ‘आपण ग्रीक की आणखी कोणी’ हा प्रश्न तेथे अजून दुखरा आहे. आपल्या यायांचे मेसिनिया म्हणजे ऑलिव्ह, अंजीर आणि मनुका यांचा प्रदेश. कालामाता हे त्याचे मुख्य शहर, आणि सात मात्रांचे ‘कालामातियानोस’ हे नृत्य त्याच नावाचे. त्यांचे माहेरचे आडनाव विचारून घ्या. शेवटी ‘-ओपुलोस’ असेल तर ते पेलोपोनिझचे सर्वसाधारण वळण. ‘-एआस’ असेल तर घराणे मानी या कडव्या, कोरड्या भागाच्या मेसिनियाकडच्या बाजूचे असण्याचा बराच संभव आहे. आपल्याकडे ‘-कर’ लावलेल्या आडनावावरून गाव काढतात, तसाच हा प्रकार आहे.

पहिल्या मुलाखतीआधी दोन-तीन आठवडे कागदपत्रांवर खर्च करा, मात्र त्याहून अधिक नको. ऑस्ट्रेलिया आणि ग्रीस यांच्यात १९५२ साली स्थलांतराचा करार झाला आणि पुढच्या दोन दशकांत दोन लाखांहून अधिक ग्रीक येथे आले. त्यांतल्या अनेकांची निवडपत्रे, छायाचित्रे आणि प्रवासी याद्या ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत आणि नावावरून शोधता येतात. सरकारी मदतीने आलेल्यांपैकी बरेच जण वोडोंगा गावाजवळच्या बोनेगिला या स्थलांतरितांच्या छावणीतून गेले. ती १९४७ ते १९७१ चालू होती आणि तेथील नोंदपत्रेही जतन झाली आहेत. जहाजाचे नाव मिळाले तर फार काम होते. ‘पात्रिस’ हे त्या पिढीचे सर्वांत लाडके जहाज. नावाचा अर्थच पितृभूमी. १९५९च्या डिसेंबरात ते पिरेअसहून ऑस्ट्रेलियाच्या पहिल्या फेरीवर निघाले, आणि आजही कोणत्याही ग्रीक वृद्धाजवळ त्याचे नाव काढले की गप्पांना तोंड फुटते.

कागदपत्रांचा उपयोग यायांना चुकीत पकडण्यासाठी करू नका. एका पापूंनी मला सुवेझ कालव्याच्या काठावरचे उंट आणि बोटींतून पितळी ताटे विकायला आलेले फेरीवाले यांचे इतके सुरेख वर्णन सांगितले, की मी तो प्रसंग चित्रपटाचा आरंभ म्हणून ठरवून टाकला. नंतर यादीत पाहिले तर ते १९६९ साली आले होते, आणि सुवेझ कालवा जून १९६७ पासून जून १९७५ पर्यंत बंद होता; त्या काळातली जहाजे आफ्रिकेला वळसा घालून येत. उंट पाहिले होते ते त्यांच्या थोरल्या भावाने, चार वर्षे आधी, आणि पत्रातून कळवले होते. ते पत्र इतक्या वेळा वाचले गेले, की आठवण धाकट्याची झाली. मी त्यांना कॅमेऱ्यासमोर दुरुस्त केले नाही. चित्रपटात त्यांचे वर्णन तसेच ठेवले आणि त्यानंतर भावाचे पत्र पडद्यावर दाखवले. त्या दोन भावांचे नाते याहून चांगले सांगण्याची रीत मला सुचली नसती. आपल्या यायांचा १९६४चा प्रवास मात्र सुवेझमार्गेच झाला असणार, तेव्हा पोर्ट सैद आणि एडन ही नावे सहज टाकून पाहा.

आता आवाजाकडे येते, कारण हौशी माहितीपट चित्रामुळे नव्हे, तर आवाजामुळे फुकट जातात. फोनचे चित्र आज पुरेसे चांगले असते. पैसे खर्च करायचेच असतील तर एक बरा कॉलर माइक आणि एक स्वतंत्र ध्वनिमुद्रक घ्या. माइक यायांच्या छातीपाशी, सोन्याचा क्रूस किंवा माळ त्यावर आपटणार नाही अशा जागी लावा. दुसरा माइक टेबलावर ठेवा, म्हणजे एकाने दगा दिला तर दुसरा आहे. ध्वनिमुद्रण ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट या प्रमाणात करा आणि मोठ्यात मोठा आवाज मायनस १२ डेसिबलच्या आसपास राहील असे पाहा, कारण या पिढीतल्या बायका कुजबुजता कुजबुजता एकदम टाळी देऊन हसतात. फ्रिज बंद करा आणि आपल्या गाडीच्या किल्ल्या त्याच फ्रिजमध्ये ठेवा. म्हणजे तो पुन्हा सुरू केल्याशिवाय आपल्याला घरी जाता येणार नाही. भिंतीवरचे घड्याळ, पिंजऱ्यातला पक्षी, प्लॅस्टिकच्या आच्छादनाचा सोफा ही या घरांतली तीन नेहमीची संकटे. सोफ्यावर बसवूच नका; स्वयंपाकघरातली लाकडी खुर्ची, बाजूने खिडकीचा उजेड, कॅमेरा त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर, आणि आपण कॅमेऱ्याला अगदी लगटून बसलेल्या. निघण्याआधी कोणीही न बोलता खोलीची शांतता एक मिनिट मुद्रित करा. संकलनात दोन वाक्यांमधला सांधा बुजवायला तिचाच उपयोग होतो.

एका बैठकीला तास-सव्वा तास पुरे. वेळ सकाळची ठेवा. पहिल्या दिवशी एखाद्या नातेवाइकाला ‘मदतीला’ बसवण्याचा मोह टाळा, कारण लेक समोर असली की आई लेकीला माहीत असलेलीच कहाणी सांगते, आणि ती कहाणी आपल्याला आधीच ठाऊक असते.

प्रश्न कसे विचारावेत, याविषयी मला सर्वांत उपयोगी पडलेली गोष्ट मी माझ्या आजीकडून घेतली. जात्यावर बसले की ओवी सुचते, हे ती म्हणत असे आणि ते अक्षरशः खरे होते. कोऱ्या आवाजात तिला दोन ओळीही आठवत नसत. यायांचेही तसेच असते. “ग्रीसमधले बालपण कसे होते?” या प्रश्नाला “गरिबी होती, पण माणसे चांगली होती” याखेरीज उत्तर मिळत नाही. त्याऐवजी त्यांच्या हातात बारीक लांब लाटणे द्या आणि पीठ मळायला सांगा. फिलोची, म्हणजे कागदासारख्या पातळ ग्रीक पिठाची पारी लाटताना हात जसा फिरू लागतो, तशी आई आठवते, आईचा ओरडा आठवतो, तेल मोजून वापरण्याचे दिवस आठवतात. १९४१-४२च्या हिवाळ्यात जर्मन आणि इटालियन ताब्यातल्या ग्रीसमध्ये भीषण दुष्काळ पडला होता. आपल्या यायांचे तेव्हा चार-पाच वर्षांचे वय. “भूक लागायची का?” असे विचारू नका, “त्या वेळी पीठ कशाचे असायचे?” असे विचारा. पदार्थ, वस्तू, वाट, दरवाजा, अंथरूण यांविषयी विचारा. प्रश्न संपल्यावर आणि उत्तर संपल्यावरही दहा सेकंद गप्प राहा. खरी गोष्ट पुष्कळदा त्या दहा सेकंदांनंतर येते.

ट्रंक असेलच. या पिढीतल्या जवळजवळ प्रत्येक घरात एक ‘बाउलो’ असतो, आणि त्यात हातमागावर विणलेली पांघरुणे असतात, जी मेलबर्नच्या साठ वर्षांत क्वचितच अंथरली गेलेली असतात. ती काढायला सांगा. ते रुखवताचे सामान आहे, आणि त्यातून ‘प्रिका’चा, म्हणजे हुंड्याचा विषय आपोआप निघतो. ग्रीसमध्ये हुंड्याची कायदेशीर प्रथा १९८३ साली रद्द झाली. १९६४ साली मात्र तीन-चार बहिणींच्या घरातली मुलगी परदेशी जायला तयार झाली, तर त्यामागे बहुधा हुंड्यात द्यावा लागणारा जमिनीचा तुकडा वाचवण्याचा हिशेब असे. अनेक मुलींनी नवऱ्याचे फक्त छायाचित्र पाहिले होते. बंदरावर उतरल्यावर छायाचित्रातला माणूस आणि समोरचा माणूस यांत दहा वर्षांचे अंतर निघाल्याच्या हकीकती मी इतक्यांदा ऐकल्या आहेत, की आता मला त्यांत हसू येत नाही. हुंड्याच्या या बाजूला मराठी सून जितक्या लवकर पोहोचेल तितक्या लवकर ग्रीक नातू पोहोचणार नाही. आपण बाहेरच्या आहात हे येथे आपले बळ आहे.

भाषेबाबत माझे मत ठाम आहे: मुलाखत ग्रीकमध्येच घ्या, आपल्याला ती येत नसली तरीही. यायांचे इंग्रजी कारखान्यात शिकलेले आहे. त्या भाषेत त्या कामगार आहेत, आपल्या भाषेत त्या गोष्ट सांगणाऱ्या आहेत. शक्यतो कुटुंबाबाहेरची, पण त्याच भागाची बोली समजणारी एखादी ग्रीक बाई शेजारी बसवा आणि आपले प्रश्न आधी तिच्याशी बोलून ठरवा. मेलबर्नच्या ग्रीकमध्ये इंग्रजी शब्द ग्रीक प्रत्यय लावून नांदतात: बाजाराला ‘मार्केता’, बिलांना ‘बिल्या’, मोटारीला ‘कारो’. ग्रीसमध्ये ‘कारो’ म्हणजे घोड्याची किंवा बैलाची गाडी, त्यामुळे सुट्टीत गावी गेलेल्या नातवाने “आमच्याकडे दोन कारो आहेत” म्हटले की गावकरी गालातल्या गालात हसतात. उतारा लिहून काढणारा माणूस अथेन्सचा असेल तर तो हे शब्द ‘सुधारून’ ठेवील. त्याला तसे करू देऊ नका. ही बोली यायांच्या पिढीबरोबर संपत चालली आहे, आणि वारसा म्हणून जपण्याजोगे त्यांच्याजवळ जे काही आहे त्यात तिचा क्रमांक फार वरचा आहे.

‘क्सेनितिया’ हा शब्द त्या वापरतात का, याकडे कान ठेवा. परदेश, परकेपण आणि त्यातले दुःख हे तिन्ही त्यात आहेत, आणि लोकगीतांत तो मरणाच्या शेजारी बसतो. घराणे मानीकडचे निघाले, तर यायांना ‘मिरोलोया’, म्हणजे मृताच्या उशाशी बायका म्हणतात ती शोकगीते, येत असण्याचा संभव आहे. पण घरात कोणी गेलेले नसताना ती म्हणणे अशुभ मानतात. कॅमेऱ्यासाठी म्हणून दाखवा, असा आग्रह एकदा मी धरला होता. बाईंनी उठून दिवा लावला आणि त्या दिवसाचे काम तेथेच थांबले. त्यांनी आपण होऊन शब्द सांगितले, न गाता, तर तेवढेच घ्या.

सर्वांत अवघड भाग मौनाचा आहे. मेसिनियात १९४४च्या सप्टेंबरात मेलिगालास येथे डाव्या प्रतिकारसेनेची आणि जर्मनांच्या बाजूने लढणाऱ्या ग्रीक सुरक्षा तुकड्यांची लढाई झाली आणि तिच्यानंतर पकडलेल्यांची मोठी कत्तल झाली. १९४६ ते १९४९ या काळात देशभर यादवी युद्ध झाले. त्या भागातल्या बहुतेक गावांत एकाच गल्लीत दोन्ही बाजूंचे मृत आहेत. त्यानंतर १९७४ पर्यंत नोकरी किंवा पासपोर्ट यांसाठी पोलिसांकडून ‘सामाजिक विचारसरणी’चा दाखला लागे, आणि काका डोंगरात डाव्यांच्या बाजूने लढला असेल तर पुतणीचीही अडवणूक होई. ऑस्ट्रेलियाही डाव्यांना येऊ देण्यास नाखूश होता. म्हणजे येथे पोहोचलेल्या कित्येकांनी कधीतरी, कोणत्यातरी खिडकीपुढे, आपल्याच घरच्यांबद्दल काहीतरी लपवलेले असते. राष्ट्रीय समेटाच्या नावाखाली ग्रीस सरकारने १९८९ साली नागरिकांवरच्या दीड कोटीहून अधिक पोलिसी फायली जाळून टाकल्या. इतिहासकारांनी विरोध केला होता, पण तो चालला नाही. कागद गेला, माणसे जात आहेत. तरीही याबाबत खोदू नका. “त्या वर्षी गावात कोण कोण होते?” एवढे विचारा आणि उत्तर आले नाही तर ते न येणेही मुद्रित होऊ द्या. एका यायांनी भावाचे नाव घेतले, खिडकीकडे पाहिले, ओट्यावरची कॉफी कपात ओतली आणि दुसराच विषय काढला. त्या पन्नास सेकंदांना मी संकलनात हात लावला नाही.

यातूनच संमतीचा प्रश्न येतो. संमती सुरुवातीला एकदा सही घेऊन संपत नाही. प्रत्येक बैठकीनंतर यायांना त्यांच्या भाषेत विचारा, की आज जे सांगितले त्यातले घरात कोणाला दाखवायचे, बाहेर कोणाला दाखवायचे आणि काय आपल्या हयातीत कोणालाच दाखवायचे नाही. हे उत्तर कॅमेऱ्यावर आणि कागदावर दोन्हीकडे ठेवा. घरच्यांसाठी एक प्रत आणि बाहेरच्यांसाठी दुसरी, असे दोन चित्रपट करणे मुळीच वावगे नाही. मुलगे-मुली पुढे येऊन “आईचे ते ऐकू नका, असे काही घडलेच नव्हते” असे म्हणतील, तेव्हा आपल्याजवळ यायांचा शब्द असावा.

दरम्यान घरातली छायाचित्रे आणि फिती गोळा करा. छायाचित्रे पुढून आणि मागून, दोन्ही बाजूंनी ६०० डीपीआयवर स्कॅन करा. मागच्या बाजूला छायाचित्रकाराचा शिक्का, तारीख आणि कधीकधी “मला विसरू नकोस” असे लिहिलेले असते. चिकट पानांच्या अल्बममधून छायाचित्र ओढून काढू नका, पानासकट स्कॅन करा. सत्तरच्या दशकात पत्रांऐवजी कॅसेटवर बोलून त्या गावी पाठवण्याची पद्धत अनेक घरांत होती आणि गावाहून उत्तरादाखल आलेल्या कॅसेटी माळ्यावर असू शकतात. आजेसासऱ्यांचा आवाज कोठे सापडलाच, तर तो तेथे किंवा एखाद्या बाप्तिस्म्याच्या व्हीएचएस फितीवर सापडेल. त्यासाठी घाई करा. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट आणि ध्वनी अभिलेखागाराने चुंबकीय फितींसाठी २०२५ ही शेवटची मुदत मानावी, असे २०१५ सालीच बजावले होते, कारण फिती झिजतात आणि त्या वाजवणारी यंत्रे व ती दुरुस्त करणारी माणसे त्याआधीच नाहीशी होतात. फीत घरच्या जुन्या यंत्रात घालून पाहू नका. ती गुंडाळली गेली तर आवाज कायमचा गेला.

पूरक दृश्यांसाठी ग्रीसला जाण्याची गरज नाही. यायांचे परसदार पाहा: लिंबाचे झाड, अंजीर, टोमॅटोचे वाफे आणि गॅरेजमध्ये मांडलेले दुसरे स्वयंपाकघर, कारण घरातले ‘चांगले’ स्वयंपाकघर खराब होऊ द्यायचे नसते. रस्त्याकडेला उगवलेली रानभाजी, ‘होर्ता’, खुडायला त्या पिशवी घेऊन निघाल्या, तर मागून शांतपणे चाला. ईस्टरची मध्यरात्र मात्र चुकवू नका. चर्चमधून पेटती मेणबत्ती जपत घरी आणतात आणि तिच्या काजळीने दाराच्या चौकटीवर क्रूस काढतात. वर्षानुवर्षांचे काळे क्रूस एकावर एक चढलेले असतात. ग्रीसमध्ये हा वसंतातला सण, मेलबर्नमध्ये तो पानगळीत येतो. सणाचा अर्थ तोच आणि ऋतू उलटा, हे एका दृश्यात दिसते. निवेदनाने समजावण्याची आवश्यकता नसते. चर्चच्या आत चित्रीकरण करायचे तर धर्मगुरूंची परवानगी आधी घ्या.

संकलनाविषयी थोडेच लिहिते, कारण तेथवर पोहोचायला वर्ष लागेल. आधी सर्व मुलाखतींचा टाइमकोडसह, म्हणजे कोणते वाक्य कितव्या मिनिट-सेकंदाला आहे या नोंदीसह, उतारा आणि भाषांतर करून घ्या आणि चित्रपट कागदावर जुळवा. निवेदन शक्य तितके टाळा. सबटायटल दोन ओळींहून अधिक नसावे आणि ते वाचायला वेळ मिळावा. मुलांसाठी इंग्रजीबरोबर मराठी सबटायटलचीही वेगळी फाइल करा, कारण नाशिक-साताऱ्याच्या आजीआजोबांनीही हा चित्रपट पाहावा, आणि “आमच्याकडेही असेच होते” हे त्यांचे उद्गार, जमल्यास, मुद्रित करून ठेवावेत. प्रसिद्ध गाणी वापरण्याआधी हक्कांची चौकशी करा. यायांनी स्वतः गुणगुणलेले परंपरागत गाणे त्याहून केव्हाही सरस.

मूळ नोंदींच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या घरी किंवा दुसऱ्या देशात, एवढा नियम पाळा. प्रत्येक फाइलच्या नावात तारीख आणि विषय असू द्या. एक प्रत सातारा किंवा नाशिकच्या कपाटात असायला काहीच हरकत नाही. यायांची तशी इच्छा असेल, तर संपूर्ण मुलाखत एखाद्या सार्वजनिक ग्रंथालयाने ठेवून घ्यावी यासाठी विचारणा करा. संस्थांना चकचकीत चित्रपटापेक्षा न कापलेली मुलाखत अधिक हवी असते.

हे सारे झाल्यावर गावाला जा, आणि शक्य असेल तर १५ ऑगस्टच्या सुमारास. त्या दिवशी मेरीमातेचा उत्सव असतो, परदेशी गेलेली घरे परततात आणि एरवी बंद असलेल्या खिडक्या उघडतात. नगरपालिकेत कुटुंबाची नोंद पाहता येते. यायांच्या आईवडिलांच्या तारखा तपासताना एवढे ध्यानात ठेवा, की ग्रीसने आजचे कॅलेंडर १९२३ साली स्वीकारले, त्या वर्षी १६ फेब्रुवारी हा दिवस १ मार्च मानला गेला, त्यामुळे त्याआधीच्या तारखांत तेरा दिवसांचा फरक येऊ शकतो. निघण्यापूर्वी मात्र यायांच्या पुढ्यात एक मोठा कागद आणि पेन्सिल ठेवा आणि घरापासून विहिरीपर्यंतची वाट काढून दाखवायला सांगा. कॅमेरा त्यांच्या हातावर असू द्या. तो नकाशा घेऊन गावात चाला. विहिरीच्या जागी वाहनतळ सापडला, तर तो तसाच, पूर्ण लांबीत चित्रित करा. परत आल्यावर ते दृश्य यायांना त्याच लाकडी खुर्चीत बसवून दाखवा. त्या वेळी कॅमेरा पडद्यावर नको, त्यांच्या चेहऱ्यावर हवा, माइक आधीच लावलेला आणि फ्रिज बंद.